असू दे, लागेल कधीतरी

महाराष्ट्रात सहकारी सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल तर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ४ जुलै २०१९ चा तसा शासननिर्णय आहे आणि आमच्या सेक्रेटरींना तो तोंडपाठ आहे. आमच्या घरात मात्र डालड्याच्या डब्याचं झाकण टाकायचं झालं तरी शंभर टक्के संमती लागते. डबा खालून गंजला, तो कधीच गेला. झाकण चांगलं होतं म्हणून राहिलं. घरातल्या पाच जणांपैकी चौघं ते टाकायच्या बाजूची आहेत. पाचवी आमची आई आहे, आणि आमच्या घरात लोकशाही नाही.

कोथरूडमधली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, ऐंशीच्या दशकातली. ती पाडायचं ठरलं. कारपेट एरिया, कॉर्पस, तीन वर्षांचं भाडं, पार्किंग अशा सगळ्या विषयांवर सभासद मनसोक्त भांडले आणि शेवटी दमून एकमत झालं. मग नवे नकाशे दाखवायला बिल्डरचा आर्किटेक्ट आला. गोड मुलगा होता. त्याने पडद्यावर आमच्या भावी दिवाणखान्याचं चित्र लावलं. त्यात एक सोफा, एक कुंडी आणि एक पांढरी भिंत होती. या घरात कोणी राहत असेल अशी शंकासुद्धा येत नव्हती. सगळे भारावून बघत असताना आमच्या अण्णांनी हात वर केला.

"माळा कुठे दाखवलाय?"

"काका, आता माळे नसतात."

"नसतात म्हणजे?"

"म्हणजे वरती सगळं क्लीन असतं. फॉल्स सीलिंग येतं."

"छत खोटं आणि माळाही नाही," अण्णा सभेकडे वळून म्हणाले. "मग पैसे कसले घेताय?"

इतके दिवस एकमेकांची तोंडं न बघणारे सभासद क्षणात एक झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. "मखर कुठे ठेवायचं?" आर्किटेक्ट म्हणाला, "ड्राय बाल्कनी आहे ना." "ती कपड्यांना." "मग... लागेल तेव्हा नवीन आणायचं आणि झालं की देऊन टाकायचं." हे ऐकल्यावर मागच्या रांगेतून एक दीर्घ 'अरेरे' आलं आणि अध्यक्षांनी चहा मागवला.

त्या रात्री बायकोने जाहीर केलं, "भाड्याच्या घरात निम्मंच सामान न्यायचं. निम्मं इथेच काढायचं." ठराव विनाचर्चा मंजूर झाला. आमच्या घरात इतकं पटकन काही मंजूर होत नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. जे निम्मं जायचं ते आपलं सोडून उरलेल्यांचं, असं पाचही जणांनी मनोमन धरलं होतं. बायकोच्या मते घरात अडगळ अण्णांची. अण्णांच्या मते आईची. आईच्या मते माझ्या पुस्तकांची. माझ्या मते कन्येच्या कपड्यांची. कन्येच्या मते आम्हा सगळ्यांची. स्वतःची अडगळ असलेलं माणूस या घरात नाही.

मोहिमेची सूत्रं कन्येने घेतली. ती मानसशास्त्र शिकते आणि मारी कोंडो या जपानी बाईंना मानते. या बाईंनी घर आवरण्यावर २०११ साली जपानीत एक पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं, पुढे त्यांची टीव्ही मालिकाही आली. पद्धत अशी की एका प्रकारच्या सगळ्या वस्तू एकदम बाहेर काढायच्या. सुरुवात कपड्यांपासून. मग एकेक वस्तू हातात धरायची आणि मनाला विचारायचं, आनंद होतो का? झाला तर ठेवायची. नाही झाला तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा.

घरातले सगळे कपडे हॉलमधल्या दिवाणावर ओतले गेले. दिवाण दिसेनासा झाला, मग खिडकी दिसेनाशी झाली. पलीकडून अण्णांचा आवाज येत होता, पण ते नेमके कुठे आहेत हे कळत नव्हतं. बायकोने ढिगातून एक पँट ओढून काढली.

"ही शेवटची कधी बसली होती तुम्हाला?"

"बसेल."

"बसेल नाही. बसली कधी?"

"आपल्या रिसेप्शनला."

"तेव्हासुद्धा तुम्ही जेवला नव्हतात."

मी ती पँट छातीशी धरली. बारीक होण्याची माझी सगळी उमेद त्या पँटवर टांगलेली आहे. ती बोहारणीला दिली तर उमेद कशावर टांगायची? कन्येने विचारलं, "आनंद होतोय का?" खरं तर अपमान होत होता, पण जपानी पद्धतीत त्याला वेगळा ढीग नाही. पँट राहिली.

मग ब्लाउजपीस निघाले. ब्लाउजपीस ही वस्तू शिवण्यासाठी बनवलेली नसते हे लग्न झालेल्या कोणत्याही मराठी पुरुषाला ठाऊक आहे. ती एका ओटीतून निघून दुसऱ्या ओटीत जाते. कोणता कोणाकडून आला याची बायकोकडे वही आहे, नाहीतर तो फिरून त्याच घरी जायचा. घरातली सगळ्यात नीटनेटकी ठेवलेली चीज म्हणजे ही वही. त्यातला एक जांभळा ब्लाउजपीस बघून ती स्तब्ध झाली. तो तिनेच कुणाला तरी दिला होता, कुणीतरी आणखी कुणाला, आणि आता माझ्या आत्येबहिणीच्या सुनेकडून तो परत आला होता. "एवढा प्रवास करून आलाय," आई म्हणाली, "त्याला कुठे टाकतेस?"

कपडे आटोपले नाहीत, पण जेवायला जागा हवी म्हणून ते सगळे पुन्हा कपाटात कोंबले आणि मोहीम स्वयंपाकघरात शिरली. कन्येने आजीच्या हातात सांडशी दिली.

"आजी, डोळे मिट. आनंद होतोय का सांग."

"आनंद कसला? सांडशी आहे ती. पातेलं धरते."

"पण आपल्याकडे सात आहेत गं."

"ही दुधाच्या पातेल्याची. ही कुकरच्या डब्यांना. ही ढिली आहे, पण तुझ्या पणजीची आहे. ही घट्ट आहे, सैल होईल. ही गार भांड्यांना."

"गार भांड्यांना सांडशी?"

"सवय राहते. आणि ही बोटाला चावते. ही कोणी मागायला आलं तर द्यायची."

आभार मानण्याची कल्पना मात्र आईला फार आवडली. तिने एका बूड गेलेल्या कढईवरून हात फिरवला. "खूप केलंस गं बाई आमच्यासाठी. किती दिवाळ्या काढल्यास," असं म्हणून नमस्कार केला आणि कढई परत फळीवर ठेवून दिली. "निरोप द्यायचाय आजी!" कन्या ओरडली. "या वयात कुठे जाईल ती?" आईने विचारलं. त्यानंतर आईने रोज दुपारी एकेका भांड्याचे आभार मानले आणि त्यामुळे आधी नुसती पडून असलेली भांडी आता घरातली वडीलधारी मंडळी होऊन बसली. त्यांना टाकण्याचा विषय काढणंही पाप झालं.

एवढ्यात बायकोला कुठूनशी बातमी लागली की मारी कोंडोबाईंनी २०२३ साली स्वतःच सांगून टाकलंय, तिसरं मूल झाल्यापासून आपण घर टापटीप ठेवण्याचा नाद बराचसा सोडला. ही बातमी कन्येने आमच्यापासून दडवून ठेवली होती. अण्णा खूश झाले. म्हणाले, "शहाणी बाई आहे. उगाच तिसऱ्यापर्यंत थांबली."

जपान हरल्यावर कन्येने स्वीडन काढला. तिथल्या मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या आजींचं २०१७ साली पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांनी आपल्या मागे पोराबाळांना निस्तरावं लागू नये म्हणून आपली अडगळ जिवंतपणी आपणच आवरावी. विचार उत्तम आहे. तो सासूबाईंना, जेवणाच्या ताटावर, नातीच्या तोंडून आणि सुनेच्या देखत ऐकवण्याचा नाही, एवढंच. आई काही बोलली नाही. तिने भात वाढून घेतला नाही. रात्री मला एकट्याला गाठून म्हणाली, "घंगाळ तुझ्या बायकोला हवंय का आत्ताच? सांग तसं. मी आपली बादलीतून अंघोळ करीन."

तांब्याच्या त्या घंगाळात आजवर कोणीही अंघोळ केल्याचं मी पाहिलेलं नाही. पण त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणावा लागतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आई नऊ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. पूर ओसरल्यावर वाड्यात चिखल तेवढा होता. अंथरुणं, धान्य, कागदपत्रं, तिची पाटी, सगळं गेलं होतं. गाळात रुतलेलं हे घंगाळ तेवढं सापडलं. ज्यांचं घर नदीने एका सकाळीत आवरून टाकलं त्यांना कुणी आवरण्याचे धडे द्यायला जाऊ नये हे मला पटतं. माझी तक्रार फक्त एवढीच आहे की पुढे आईने प्रत्येक वस्तूला पानशेत लावलं. श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे असोत की औषधाच्या रिकाम्या बाटल्या, वाद वाढला की ती शांतपणे म्हणते, "तुम्ही पानशेत पाहिलं नाहीत," आणि समोरचा गप्प होतो. श्रीखंडाचे डबे चांगले चाळीसेक आहेत. उद्या धरण फुटलंच तर आम्ही त्यांच्यावर तरंगत सहज बंडगार्डनपर्यंत जाऊ.

अण्णांचा विभाग वेगळा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण फाइलींतून झाले नाहीत. त्यांच्याकडे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची विजेची बिलं आहेत, वर्षवार, सुतळीत बांधलेली. ते मंडळच २००५ साली मोडलं आणि त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. "मंडळ गेलं अण्णा," मी म्हणालो. "म्हणून तर," ते म्हणाले, "उद्या कोणी विचारलं तर त्यांच्याकडे रेकॉर्ड नसेल. आपल्याकडे आहे."

माळ्यावर अण्णांचे खोके आहेत. पहिल्या रंगीत टीव्हीचा खोका, त्यात मिक्सरचा खोका, त्यात इस्त्रीचा खोका, त्यात घड्याळाचा, आणि घड्याळाच्या खोक्यात पहिल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड. टीव्ही जाऊन जमाना झाला. शिवाय कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा एक डबा आणि किल्ल्या नसलेल्या कुलपांचा दुसरा डबा. दोन्ही डबे एकत्र करून बघावेत असं मी सुचवलं. अण्णांनी ते तरुणपणीच केलेलं होतं. एकही लागलं नव्हतं. "मग टाकू या?" "नाही रे. आता निदान हे नक्की झालंय की ह्या त्यांच्या नाहीत."

अण्णांशी वाद घालता येत नाही, कारण त्यांच्या बाजूने बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं आहे. दिनकर केळकरांचं घरचं दुकान चष्म्यांचं. पण गृहस्थ आयुष्यभर जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या गोळा करत हिंडले. वीस हजारांवर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. आज परदेशी पाहुणे तिकीट काढून तो बघतात. "त्यांच्या घरच्यांनी वज्र्या रद्दीत घातल्या असत्या तर?" अण्णा विचारतात. वर त्यांचा हुकमाचा पत्ता असा की मस्तानीचा महाल मूळचा आपल्या कोथरूडचा. तो इथून उचलून केळकरांनी संग्रहालयात नेऊन मांडला. "माणसाने अख्खा महाल सांभाळला. तुम्हाला माझा टीव्हीचा खोका जड होतोय."

तिथल्याही बऱ्याच वस्तू जागेअभावी मांडलेल्या नसतात, असं कन्येने ऐकवलं. अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे सरकारलाही माळा लागतो."

मग कन्येने शास्त्राचा आधार घेतला. काही केल्या वस्तू टाकवत नाहीत याला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ पासून स्वतंत्र विकार मानलंय, असं तिने सांगितलं. अण्णांनी कुतूहलाने विचारलं, "त्याचं सर्टिफिकेट मिळतं का? फाइलला लावून ठेवतो." तिने शेवटचा उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट सांगितली. दोघे भाऊ घरात वस्तू साठवत राहिले. १९४७ साली दोघेही त्या अडगळीतच मेलेले सापडले. पोलिसांना आत शिरायला वाट नव्हती. घरातून शंभर टनांवर सामान निघालं, त्यात चौदा पियानो होते. गोष्ट संपली. खोलीत गंभीर शांतता पसरली. अण्णा पुढे झुकले.

"पियानो चालू होते का?"

आता गनिमी कावाच उरला होता. अण्णा झोपल्यावर मी माळ्यावरचा एक बंद पडलेला मिक्सर काढला. त्याला भांडं नव्हतं, वायर उंदराने खाल्लेली होती. तो चादरीत गुंडाळून, चपला हातात घेऊन मी जिना उतरलो आणि फाटकाबाहेर कचऱ्याच्या जागी ठेवून आलो. फार हलकं वाटलं. सकाळी अण्णा फिरून आले ते चेहऱ्यावर तेज घेऊनच.

"लोकांना वस्तूंची किंमत नाही रे! कोणीतरी चांगला मिक्सर टाकून दिलाय. नुसती वायर बदलली की झालं. आणि गंमत बघ, आपल्याकडे माळ्यावर अगदी असाच आहे. आता एकाचे पार्ट दुसऱ्याला घालता येतील."

ते माळ्यावर तो 'दुसरा' शोधायला चढले. तो सापडेना तेव्हा घरात कोणीतरी परस्पर वस्तू टाकतंय असा त्यांना संशय आला आणि त्यांनी माळ्याच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली असलेलं एक कुलूप घरात निघालं ते हे.

मी स्वतः किती निर्लेप आहे हे दाखवण्यासाठी रद्दीवाल्याला बोलावलं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे बाहेर काढले. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत अंक विकत घेतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायचं ठरवतो. माझे बरेच अंक त्यांच्या उन्हाळ्याची वाट बघत थांबलेले आहेत. काहींचं प्लास्टिकही काढलेलं नाही. रद्दीवाल्याने तराजू लावला. मी पहिला अंक सहज उघडला. कथा बरी होती. दुसऱ्यातलं व्यक्तिचित्र फारच चांगलं होतं. तिसऱ्यातलं वार्षिक राशिभविष्य, कैक वर्षांपूर्वीचं, मी ताडून पाहिलं, तर 'स्थलांतराचे योग लांबणीवर' हे अगदी खरं ठरलेलं होतं. रद्दीवाला भिंतीला टेकून बसला. बायकोने त्याला चहा दिला. अण्णांनी मधल्या काळात स्वतःचा ताणकाटा आणून त्याच्या तराजूची तपासणी केली. हा काटासुद्धा टाकायच्या यादीत होता, तो आता उपयोगी वस्तू म्हणून सन्मानाने आत गेला. शेवटी रद्दीवाल्याला मिळाले ते मोबाइल कंपन्यांचे कागद आणि कन्येचे बारावीचे क्लासचे चाचणी पेपर. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची १९९३ पासून स्वतःची पंचायत आहे. आमच्यासारख्या गिऱ्हाइकांविषयी दाद मागायची सोय तिथे असावी अशी माझी इच्छा आहे.

बोहारणीचा प्रसंग मी थोडक्यात आटोपतो, कारण बायकोने तो लिहू नको म्हटलंय. घरातून कपडे कमी व्हावेत म्हणून तिला बोलावलं होतं. तासभर घासाघीस झाली. बोहारीण म्हणे आणखी एक साडी घाला, बायको म्हणे पातेलं मोठं दे. शेवटी कपडे गेले आणि घरात झाकणासकट स्टीलची परात, दोन डबे आणि एक सांडशी आली. आईने सांडशी उघडझाप करून पाहिली. म्हणाली, "ही ताकाच्या पातेल्याला."

कामाला येणाऱ्या मावशींना जुनं सामान देऊन टाकावं हा मध्यमवर्गाचा ठेवणीतला उपाय. बायकोने ताटाळं पुढे केलं. मावशी हात पुसत म्हणाल्या, "नको वहिनी. माझ्याकडं दोन हायेत. तुम्हीच दिलेली." मग त्या जरा घुटमळल्या. "उलट मीच विचारणार होते. आमचीबी बिल्डिंग व्हतीय. माझ्याकडचं एक कपाट तुमच्याकडं ठेवलं तर चालंल का?"

एक गोष्ट मात्र खरोखर यशस्वी झाली. इमारत रिकामी व्हायची म्हणून सगळ्या मजल्यांवरचे डबे आपापल्या घरी परतायला निघाले. शेजाऱ्यांकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात घालण्याजोगं आपल्याकडे वेळेवर काही झालेलं नसतं, म्हणून तो राहतो. असे आमच्याकडे बाराही बिऱ्हाडांचे डबे होते आणि आमचे त्यांच्याकडे. काही झाकणांवर नेलपॉलिशने घातलेली आद्याक्षरं होती. जी माणसं आता हयात नव्हती त्यांचीही अक्षरं तेवढी ठसठशीत होती. आठवडाभर जिन्यात नुसती वर्दळ होती. आमचे डबे परत आले, पण रिकामे कसे येणार? कशात चिवडा, कशात लाडू, एकात तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मेथीचं पीठ घालून पाठवलं. आम्ही लोकांचे डबे दिले तेही भरून दिले. त्यामुळे प्रत्येक घरातून जेवढं गेलं तेवढंच आलं, आणि शिवाय सगळ्यांचं वजन वाढलं. माझ्या त्या पँटचा विषय तूर्त मागे पडला.

माळ्याच्या अगदी आत थर्माकोलचं मखर आहे. कमळ, दोन मोर, मागे फिरतं चक्र. २०१८ साली राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, त्यामुळे मखर वापरता येत नाही. कचरा न्यायला येणाऱ्या ताई ते घेत नाहीत. मोर असल्यामुळे आई ते मोडू देत नाही. पिशव्यांचं त्याहून अवघड. बंदी येणार असं कानावर आल्याबरोबर आईने पिशव्या साठवल्या होत्या. सगळ्या घडी घालून एका पिशवीत, अशा पिशव्या एका मोठ्या पिशवीत, आणि ती दाराच्या मागच्या खिळ्याला. तो खिळा म्हणजे आता या इमारतीचा कणा असावा. तो काढला तर बिल्डरला पाडकामाचा खर्च पडणार नाही.

सामान वेगळं करताना कन्येने तीन ढीग आखले होते, ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं. चौथा ढीग आपोआप जमला. त्याचं नाव 'बघू'. पहिल्या तिन्ही ढिगांतल्या वस्तू रात्री एकेक करून 'बघू'त येऊन झोपत. कन्येला आजी-आजोबांचा संशय होता. तिने पाळत ठेवली. तिला मध्यरात्री आई-बाबा सापडले. मी पँट आणि दोन दिवाळी अंक घेऊन निघालो होतो आणि तिची आई जांभळा ब्लाउजपीस. आम्ही एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. संसारात इतकं सामंजस्य लागतंच. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना 'बघू'त खाली दडवलेलं कन्येचं शाळेतलं दप्तर, तुटका स्केट आणि पहिलीतल्या सगळ्या वह्या सापडल्या. आम्ही काही बोललो नाही.

शेवटी सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस अंदाज घ्यायला आला. त्याने मोबाइलवर चित्रण करत घर बघितलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. आकडा टिपला. मग अण्णांनी खिशातून किल्ली काढून माळ्याचं कुलूप उघडलं. तो माणूस शिडीवर चढला, आत डोकावला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. आल्यावर त्याने विचारलं, "काका, हे सगळं एकाच फॅमिलीचं?"

"पाच माणसं आहोत," अण्णा अभिमानाने म्हणाले.

त्याने आधीचा आकडा खोडला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगू? यातलं अर्धं टाकून द्या ना."

भाड्याचं घर शोधताना आम्ही एजंटला एकच अट घातली होती. पूर्व-पश्चिम काही असो, माळा हवा. नव्या इमारतींत तो कुठेच नव्हता. मॉड्युलर किचन, जिम, पोहण्याचा तलाव असं सगळं दाखवून झालं, पण अण्णा छताकडे बघून परत फिरायचे. अखेर दोन गल्ल्या सोडून एक जुनी सोसायटी मिळाली. घर अंधारं आहे, नळाला पाणी एकवेळ, पण दोन्ही खोल्यांवर खोलखोल माळे. कोथरूडमध्ये आता माळे फक्त पडायला आलेल्या इमारतींतच उरलेत. हीही वर्षा-दोन वर्षांत पुनर्विकासाला जाईल असं घरमालक म्हणाले. तोवर 'बघू' जसाच्या तसा तिकडे हलवतो आहोत.

टेम्पो रविवारी सकाळी येणार आहे. त्याआधी कोणाला काही हवं असेल तर निःसंकोच यावं. बोटाला चावणारी सांडशी आहे, एका गेलेल्या टीव्हीचा खोका वॉरंटी कार्डासकट आहे, जांभळा ब्लाउजपीस आहे, डालड्याच्या डब्याचं झाकण आहे, ते मागायचं असेल तर आई देवळात गेलेली असताना साडेपाच ते सहा या वेळात या. येताना पिशवी मात्र कृपा करून आणू नका.